भूगोलाच्या पुरवण्या

जुने शिक्षक कुठेही जमले की एक किस्सा हमखास निघतो. आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या सरांनी जनगणनेत नसलेली माणसं कशी मोजली, हा तो किस्सा. ‘दोरीवरचे कपडे पाहिले आणि कुटुंबं लिहून मोकळे!’ असं म्हटलं की हशा पिकतो. हा किस्सा सांगण्यात माझा हातखंडा होता. सरांची मान तिरकी करून बघण्याची लकबही मला बरी जमायची.

किस्सा खोटा आहे. माणसं होती. ती नाहीशी केली मी. ऐंशी उलटल्यावर हे लिहायला बसलो आहे, तेव्हा उशिराबद्दल कुणी बोलू नये. बोलायचं ते मी स्वतःशी पुष्कळ बोललो आहे. पण आधी तो माणूस कसा होता ते सांगतो, कारण किश्श्यात तो फारच थोडा उरला आहे.

नारायण पेठेतल्या आमच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे आणि मी मराठी. शिक्षकखोलीत ते कुणालाही नावाने हाक मारत नसत, विषयाने मारत. "काय गणित, आज गप्प का?" "इतिहास, ती खिडकी लावा, धूळ येतेय." मी अर्थातच ‘मराठी’. संगणक शिकवायला एक नवीन तरुण बाई आल्या, तर पहिल्याच दिवशी यांनी "या संगणक, बसा" म्हणून खुर्ची पुढे केली. बाई आधी बावरल्या, पण महिन्याभरात फोनवर स्वतःच "हॅलो, संगणक बोलतेय" म्हणू लागल्या. परतफेड म्हणून आम्ही त्यांना ‘भूगोल’ म्हणायचो. इथेही तेच नाव चालवतो.

भूगोलांना सबंध पाठ्यपुस्तकात एकच धडा खरा वाटायचा, लोकसंख्येच्या वितरणाचा. बाकीचे धडे ते उरकत. "ज्वालामुखी आपल्याकडे होऊन गेलाय. घरी वाचा." पण माणसं कुठे राहतात आणि का, हा धडा दिवाळीनंतर सुरू झाला की संक्रांत आली तरी संपत नसे. पुस्तकात कारणं दिलेली होती: जमीन, पाणी, हवामान, रस्ते, रोजगार. भूगोल ती फळ्यावर लिहीत आणि खाली स्वतःचं एक जोडत: मावशी.

"अरे, नकाशा बघून कोणी गाव सोडतं का? आधी गावातला एक जण येतो. तो दुसऱ्याला कळवतो, ये, माझ्याकडे पथारी टाकायला जागा आहे. माणूस नदीकाठी राहत नाही, ओळखीकाठी राहतो." मग खडू ठेवून बजावत, "परीक्षेत मावशी लिहू नका. मार्क जातील. परीक्षेनंतर विसरू नका."

या मावशीचा शोध ते जन्मभर घेत राहिले. वेटर असो, रिक्षावाला असो, बँकेतला नवा कारकून असो, भूगोल मान तिरकी करून विचारत, "पुण्यात कोणाच्या ओळखीने आलात?" ते दिवसही असे होते की विचारायला माणसं कमी पडत नसत. हिंजवडीच्या शेतांत काचेच्या इमारती उगवत होत्या आणि रोज सकाळी कंपन्यांच्या बसगाड्या भरभरून तिकडे जात होत्या. आमच्या शाळेमागच्या खाणावळीत एकदा आमच्या टेबलावर अकोल्याकडचा एक तरुण इंजिनिअर येऊन बसला. भूगोलांनी प्रश्न टाकला.

"ओळख वगैरे काही नाही काका," तो म्हणाला, "कॅम्पस सिलेक्शन झालं. प्युअर मेरिट."

"उत्तम. आणि खोली?"

"ती माझ्या मित्राच्या कझिननं बघून दिली. तो आधीपासून इथेच आहे ना."

भूगोल माझ्याकडे वळून म्हणाले, "मावशी." मग त्या मुलाच्या पानात स्वतःची पोळी वाढली. खाणावळीत पोळ्या मोजून मिळत.

एका वर्षी त्यांनी नववीच्या वर्गाला आपापल्या इमारतीचा वयोगटांचा मनोरा काढून आणायला सांगितला. तळाला लहान मुलं, वर तरुण, टोकाला म्हातारे. पुस्तकात तो खाली रुंद आणि वर निमुळता असतो. पेठेतल्या मुलांचे मनोरे उलटे आले. तळाशी एखादं मूल, मध्ये बारीक काठी आणि वर म्हाताऱ्यांचा घेर. एका मुलीने रडकुंडीला येऊन वही दाखवली. "सर, माझं चुकलंय. ही छत्री झालीय."

"चुकलं नाही बेटा. तुझी इमारत छत्रीच आहे. दांडी कोथरूडला आणि कॅलिफोर्नियाला गेली."

दुसऱ्या दिवशी एक आजोबा मुख्याध्यापिकांकडे तक्रार घेऊन आले, की शाळेतली मुलगी घरी येऊन आमच्या हिला वय विचारते, हा काय प्रकार आहे. भूगोलांनी नम्रपणे चूक कबूल केली आणि आजोबांना विचारलं, "पण काय वय सांगितलं वहिनींनी?"

रविवारी ते शहराच्या बसमध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जात आणि परत येत. शहर कुठे संपतं ते बघून येतो, म्हणत. सोमवारी आम्ही विचारायचो, काय, संपतंय का? कधी उत्तर मिळे, "संपतंय. उसाच्या फडाशी." पुढच्या वर्षी, "संपतंय. पण फड आणखी लांब गेला." एका सोमवारी ते डबा न उघडता बसले होते. मी विचारलं तर म्हणाले, "काल सापडलंच नाही हो, मराठी. शेवटच्या थांब्याच्या पुढे लोक सदनिकांच्या जाहिराती वाचत उभे होते."

आणि दोऱ्या. वस्तीत किती माणसं आहेत हे ओळखायचं तर वाळत घातलेले कपडे बघावेत, असं त्यांचं शास्त्र होतं. दारातल्या चपला मोजू नयेत, त्या पाहुण्यांच्या असतात. माणसांना विचारू नये, ती सोयीचं सांगतात. दोरीला खोटं बोलता येत नाही. शिक्षकखोलीच्या खिडकीतून ते समोरच्या इमारतीच्या बातम्या देत. "तिसऱ्या मजल्यावर सून आली." "दुसरा मजला, मुलगा परत गेलेला दिसतो. जीन्स नाही." आम्ही हसायचो. पण तिसऱ्या मजल्यावर सून आलेली असायची.

नव्या शतकातली पहिली जनगणना आली. शिक्षकांना प्रगणक म्हणून नेमतात. घरोघर जायचं, माणसं मोजायची, तक्ते भरायचे आणि सही करायची. हे काम टळावं म्हणून लोक डॉक्टरचे दाखले आणतात. भूगोल कार्यालयात जाऊन विचारून आले, "एकच गट का? दोन द्या की." गट म्हणजे एकेकाला नेमून दिलेला वस्तीचा तुकडा. आम्हा दोघांचे गट हडपसरच्या पुढे शेजारीशेजारी आले. ओढ्याच्या अलीकडे त्यांचा, पलीकडे माझा. माझ्या गटात थोडी जुनी गावठाणातली घरं होती, दोन नव्या सोसायट्या होत्या आणि टोकाला संगणक कंपनीची एक मोठी इमारत बांधली जात होती. तिच्या मागे मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या.

त्याच महिन्यात माझा मुलगा अमेरिकेला निघाला होता. घरात दोन बॅगा उघड्या पसरलेल्या. काट्यावर कधी भाजणी चढायची, कधी पुस्तकं उतरायची. गावठाण आणि सोसायट्या मी नीट केल्या, हे सांगायला हवं. राहिल्या त्या पत्र्याच्या खोल्या. ऊन होतं, धूळ होती, आणि फाटकापाशी मुकादमाची केबिन होती, तिच्यात पंखा होता.

"आत कशाला जाताय मास्तर, कपडे खराब व्हतील," मुकादम म्हणाला. "मी सांगतो की. बेचाळीस गडी हाय. समदे गडीच."

"बायका, मुलं?"

"न्हाईत. साईटवर ठिवायला परवानगीच न्हाई."

परवानगी नाही म्हणजे माणसं नाहीत, हे मला पटलं. पटवून घेतलं म्हणा. त्याने हजेरीपटावरून नावं वाचली, मी उतरवून घेतली, चहा घेतला आणि सही केली. जेवायला घरी. आमच्या तुकडीत सगळ्यांत आधी काम पुरं झालं ते माझं. अधिकाऱ्यांनी माझे तक्ते चारचौघांत उंच धरून दाखवले. "अक्षर बघा. कुठे खाडाखोड नाही."

दोन दिवसांनी शिक्षकखोलीत भूगोल माझ्यासमोर येऊन बसले.

"मराठी, त्या पत्र्याच्या खोल्यांत बायका किती लिहिल्यात?"

"बायका नाहीत तिथे. मुकादमाने सांगितलं."

"मग परकर कोण नेसतं? मुकादम?"

गणिताच्या सरांना चहाचा ठसका लागला. भूगोल हसले नाहीत. "ओढ्याच्या अलीकडून दोऱ्या दिसतात मला. परकर आहेत, झबली आहेत, लंगोट आहेत. जाऊन या."

"बघतो."

"बघू नका. मोजा."

मी गेलो नाही. मुलाला पोहोचवायला मुंबईला गेलो. चार दिवसांनी परत आलो तर माझ्या टेबलावर परीक्षेच्या दोऱ्याने बांधलेल्या पुरवण्या होत्या. उत्तरपत्रिकेला जोडायला मुलांना देतो त्याच. भूगोलांनी त्यांवर जनगणनेचे रकाने हाताने आखले होते आणि तीन दिवस शाळा सुटल्यावर ओढा ओलांडून, खोलीखोलीत जाऊन ते भरले होते. एकोणीस बायका आणि सव्वीस मुलं. नाव, वय, जन्मस्थान, इथे येण्याचं कारण. बहुतेक वाशीम आणि यवतमाळकडचे. शेवटी एक रकाना सरकारी नमुन्यात नसलेला, कोणाच्या ओळखीने. त्यात लिहिलेलं होतं: दीर, चुलतभाऊ, गावची शेजारीण, नणंद.

"नुसतं उतरवून काढा आणि सही करा," ते म्हणाले. "फेरतपासणीचे चार दिवस आहेत अजून. राहिलेली नावं त्यात घालता येतात. गट तुमचा आहे, मला सही करता येत नाही. नाहीतर तुम्हाला त्रास दिला नसता."

सही करणं म्हणजे मी आत गेलोच नव्हतो हे सांगणं. ज्यांनी माझे तक्ते उंच धरले त्यांनाच जाऊन सांगणं. पुरवण्या मी घरी नेल्या आणि कपाटात ठेवल्या. चौथ्या दिवशी भूगोल धापा टाकत माझ्या वर्गाच्या दाराशी आले आणि त्यांनी विचारलं, "दिल्यात का?" मी म्हणालो, "दिल्या." ते "बरं" म्हणाले आणि गेले. मी कवितेकडे वळलो.

इथवरच असतं तर कदाचित मी गप्पच मेलो असतो. पण भूगोल एकदा मोजलेल्या माणसांना सोडून देणारे नव्हते. त्या मुलांसाठी साईटजवळ एखादी खोली आणि एक शिक्षिका मिळावी म्हणून ते उन्हाळाभर अर्ज घेऊन फिरले. जूनमध्ये एका अधिकाऱ्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. त्यांच्यासमोर माझ्या गटाचा गोषवारा होता.

"गुरुजी, तुम्ही म्हणता सव्वीस मुलं. इथे शून्य आहे. हा गट कोणाचा?"

"माझा," मी म्हणालो.

"मुलं होती का तिथे?"

"मला दिसली नाहीत."

यात खोटं काहीच नव्हतं. केबिनमधून पंखा दिसतो.

"असं कसं?" भूगोल म्हणाले. "नावानिशी लिहून यांच्याकडे दिली आहेत मी. त्या कागदांचं काय झालं?"

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. भूगोलांनीही. माझ्या वतीने मीच काहीतरी बरं बोलावं अशी वाट बघणारी ती नजर होती.

"मला असे काही कागद मिळाल्याचं आठवत नाही," मी म्हणालो.

अधिकारी हसले. "गुरुजी, दोरीवरचे कपडे बघून जनगणना होत नसते." म्हणजे ही गोष्ट तिथेही पोहोचली होती. शिक्षकखोलीत झालेल्या हशाची मीच कुठेतरी वाच्यता केली असणार. आठवड्याभरात शाळेला पत्र आलं: दुसऱ्याच्या गटात जाऊन मनाचे आकडे तयार केल्याबद्दल समज देण्यात यावी. पुढच्या वर्षी मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या. सेवाज्येष्ठतेने खुर्ची भूगोलांची होती. संस्थेने ते पत्र काढलं आणि खुर्ची मला दिली. मी ती घेतली.

भूगोल अभिनंदनाला सगळ्यांत आधी आले. "अभिनंदन, सर," म्हणाले. त्यानंतर त्यांनी मला कधी ‘मराठी’ म्हटलं नाही. गणिताला, इतिहासाला, संगणकाला हाका चालू होत्या. मी तेवढा सर. बाकीच्यांना वाटलं, खुर्चीचा मान ठेवतात. लोकसंख्येचा धडा त्या वर्षी त्यांनी दोन तासांत संपवला. मी मुद्दाम वर्गाबाहेरून गेलो, फळ्यावर पुस्तकातली कारणं होती. त्याखाली फळा कोरा.

संगणक कंपनीची ती इमारत पुरी झाली तशा पत्र्याच्या खोल्या उठल्या. मुलांना शाळेची खोली मिळाली नाही. ती कुठल्या साईटवर गेली ते कुणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. कागदावर ती आलीच नव्हती.

आणि मी किस्सा सांगू लागलो. माझ्या निरोपसमारंभातही सांगितला. भूगोल तिसऱ्या रांगेत बसले होते. सगळे हसले तेव्हा त्यांनी मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं, आणि मी केलेली नक्कल किती चांगली होती हे मला कळलं.

गेल्या दिवाळीनंतर मी त्यांना भेटायला गेलो. पुरवण्या सापडल्या, असं म्हणणार नाही. त्या कुठे आहेत हे मला इतकी वर्षं ठाऊक होतं. भूगोल आता मुलीकडे, हडपसरच्याही पुढे एका टोलेजंग संकुलात अकराव्या मजल्यावर राहतात. फाटकावर रखवालदाराने माझी नोंद केली, कोणाकडे, कशासाठी, गाडी आहे का. वर गॅलरीत ते स्वेटर घालून बसले होते. बरेच वाळले आहेत.

"या, सर."

मी पुरवण्या त्यांच्या मांडीवर ठेवल्या आणि एका दमात सगळं सांगितलं. आत गेलो नव्हतो. तुमचे कागद दिले नाहीत. दिले म्हणालो ते खोटं, आठवत नाही म्हणालो ते त्याहून खोटं. तुमची खुर्ची घेतली. वर किस्सा सांगत फिरलो.

त्यांनी चष्मा लावला आणि दोरा सोडला. मी बोलत होतो ते त्यांनी ऐकलं की नाही, कळेना. ते पानं वाचत होते. "ही बघा, गोदा. हिने मला चार वेळा विचारलं, नाव लिहिलं की रेशन मिळतं का. आणि हा सुरेश, याला शंभरपर्यंत आकडे येत होते, मधले साठ सोडून." एकेका ओळीवर त्यांचं बोट थांबत होतं, जुन्या वर्गाची हजेरी घ्यावी तसं.

"काहीतरी बोला," मी म्हणालो.

"काय बोलू, सर? मी बरोबर मोजलं होतं, हे मला माहीत होतं. तुम्हालाही माहीत होतं. बाकीच्यांना नव्हतं."

"मी लिहितो. छापून आणतो. सगळ्यांना कळेल."

"लिहा. पण माझ्या खुर्चीचं फार लावू नका. किती माणसं होती ते लिहा. नीट आकडा लिहा."

"पंचेचाळीस. बेचाळीस गडी सोडून."

"सेहेचाळीस."

मला वाटलं, वय झालं. मी हलकेच म्हणालो, "एकोणीस आणि सव्वीस, पंचेचाळीस होतात."

"फेरतपासणीच्या शेवटच्या दिवशी मी पुन्हा गेलो होतो. कडेच्या खोलीत मुलगी झाली होती. मुदतीच्या एक दिवस आधी झालेली, म्हणजे धरायलाच हवी. तुमच्या वर्गावर आलो होतो ते तिची ओळ घालायला. तुम्ही म्हणालात, दिल्या." ते पानं एकावर एक नीट लावू लागले. "दिल्यावर कुठे लिहिणार? राहिली. पेन आहे?"

शेवटच्या पुरवणीवर खाली तीन ओळी मोकळ्या होत्या. मी पेन काढलं. अक्षर अजून बरं येतं.

"नाव?" मी विचारलं.

"ठेवलं नव्हतं. तसं लिहा. वडील, विलास. वय शून्य."

मी लिहिलं. "जन्मस्थान?"

वरच्या ओळींतून पानभर वाशीम, यवतमाळ, पुन्हा वाशीम असं उतरत आलं होतं.

"हडपसर," भूगोल म्हणाले. "अख्ख्या छावणीत इथली म्हणावी अशी ती एकटी. आपण बाकी सगळे उतरवून घेतले आणि पुणेकर तेवढी सोडली. येण्याच्या कारणापुढे रेघ मारा."

मी रेघ मारली आणि कागद त्यांच्यापुढे केला. त्यांनी तो नाकाजवळ धरून वाचला आणि मला परत दिला.

"आता खाली सही करा, सर. गट तुमचा होता. आणि तारीख आजची घाला, मागची नको."